गच्चीवरची पाठमोरी

माझ्याकडे आईचा फोटो नाही. मी चार वर्षांची असताना ती काविळीने गेली, असं आमच्याकडे सांगत. वडिलांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं. नव्या आईने मला काही कमी पडू दिलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण सावत्र आई म्हटलं की लोक लगेच कान टवकारतात. पण पहिलीचा फोटो घरात कुठेही नव्हता, आणि तो का नाही हे विचारलं की वडील चपला घालून बाहेर जात. मला तिचा चेहरा मुळीच आठवत नव्हता. एकदा पाहिलेला भाजीवाला मी महिन्याने कागदावर काढून दाखवत असे, आणि जिच्या पोटी जन्मले तिचं नाक कसं होतं ते मला सांगता येत नव्हतं. याची मला लाज वाटायची आणि रागही यायचा. मला तो चेहरा हवा होता. पुढचं सगळं त्यापायीच झालं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवऱ्याची बँकेतली बदली लखनौला झाली. नाशकात असताना मी मासिकांसाठी, मुलांच्या पुस्तकांसाठी रेखाचित्रं करत असे. चार संपादक ओळखीचे होते, काम येत राहायचं. लखनौत मला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. घर मिळालं गोमती नगरात. तेव्हाचं गोमती नगर म्हणजे आखलेले रुंद रस्ते आणि अर्धवट बांधलेली घरं. आमच्या गल्लीत दहा-बारा घरं असतील, त्यातल्या तीन-चारांत माणसं राहायची. बाकीच्यांना खिडक्यांच्या जागी नुसती भोकं होती. दुपारी वीज जायची, नवरा बँकेत, आणि मी त्या भोकांकडे बघत बसलेली. आठवड्याभरात मी वहीपेन्सिल उचलली आणि रिक्षा करून जुन्या शहरात जाऊ लागले.

चौक नावाच्या जुन्या मोहल्ल्यातल्या हवेल्या, कमानी, सज्जे, कबुतरांच्या जाळ्या. तिथे पेन्सिलीने खरडून आणायचं आणि घरी टाक-शाईने जाड कागदावर पक्कं करायचं. पंधराएक चित्रं झाल्यावर प्रश्न पडला की आता यांचं करायचं काय. नवरा म्हणाला, "अगं, रविवारी हज़रतगंजचा बाजार बंद असतो. व्हरांड्यात लोक नुसते फिरत असतात. लाव तिथे सुतळीला. बिघडतंय काय?"

तो थट्टेनेच म्हणाला होता. मी मनावर घेतलं. कागदांच्या एका दुकानदाराने, जो मला टाकाच्या निबा विकायचा, आपल्या बंद शटरपुढची जागा रविवारपुरती दिली. सुतळी बांधली, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी चित्रं अडकवली आणि घडीच्या खुर्चीवर बसले. पहिल्या दिवशी एकही विकलं गेलं नाही. एका बाईंनी बराच वेळ बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बहुत साफ़ हाथ है आपका। मगर मकान में कोई है ही नहीं। भुतहा लगता है।"

माझा पारा चढला. पण घरी येऊन चित्रं पाहिली आणि बाईंचं पटलं. तेव्हापासून मी प्रत्येक चित्रात एक माणूस टाकू लागले. घर पूर्ण झालं की निबेत जी शाई उरे, ती धुऊन टाकण्याआधी गच्चीवर किंवा सज्ज्यात चार फटकाऱ्यांत एक बाई काढायची. नखाएवढी. त्यात विचार असा काही नसे. चहा गाळून झाल्यावर गाळणी ओट्यावर आपटावी, इतकं ते सवयीचं होतं.

चित्रं खपू लागली. एक चूक मात्र मी सतत करत होते आणि गिऱ्हाइकं ती हसत हसत दाखवायची. त्या भागातल्या बायकांचा पदर मागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आणि डोक्यावरूनही असतो. माझी बाई पाठमोरी उभी, डोकं उघडं, मानेवर सैलसर अंबाडा, डाव्या खांद्यावरून पदर पाठीवर आणि त्याचं टोक कमरेला खोचलेलं. चौकातल्या गच्चीवर ही नाशकाकडची बाई कुठून आली! एकाने तर विचारलं, "मैडम, ये किसकी मेहमान हैं?" मी दरवेळी ठरवायचे की पुढच्या चित्रात पदर सुधारायचा. आणि दरवेळी हात आपलं तेच करून मोकळा होई.

पाऊस संपत आला तेव्हा एक वृद्ध गृहस्थ येऊ लागले. पांढराशुभ्र कुर्ता, जाड भिंगांचा चष्मा, हातात कापडी पिशवी. दर रविवारी एकच चित्र घेत. घासाघीस नाही, गप्पा नाहीत. पण चित्र निवडताना घर बघतच नसत. नाक कागदाला लावून त्या बाईकडे बघत. मी त्यांना बाबूजी म्हणू लागले. ते नरहीत, म्हणजे गंजपासून पायी पाच मिनिटांवर राहत आणि एका सरकारी कचेरीत नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला होता.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी ते पैसे देऊन निघाले नाहीत. म्हणाले, "बिटिया, एक बात पूछें? आप इन्हें जानबूझकर घुमा रही हैं?"

"किन्हें?"

"इन बीबी को। पहले इनकी सिर्फ़ पीठ दिखती थी। अब कान दिखने लगा है।"

मी हसले. म्हटलं, बाबूजी, मी तर चार रेषा मारते, कधी मान इकडे होत असेल, कधी तिकडे. त्यांनी मान हलवली. "इकडे-तिकडे होत असतं तर आम्ही काही बोललो नसतो," अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणाले. "एक ही तरफ़ घूम रही हैं। हर बार थोड़ा सा।"

मला वाईट वाटलं, म्हातारपणी एकट्या माणसाचं होतं असं. पण ती टोचणी राहिली. खरी गोष्ट अशी होती की मला तपासूनच बघता येत नव्हतं. एक चित्र विकलं की गेलं. दुसरी प्रत नाही. माझी सगळी बाई लखनौभर विखुरलेली, आणि सलग अशी फक्त त्यांच्याकडे होती.

पुढच्या रविवारी सुतळी गुंडाळल्यावर मी त्यांच्याबरोबर गेले. अरुंद गल्ली, वर चढणारा जिना, आणि एक लांबट खोली, एका टोकाला खिडकी आणि दुसऱ्या टोकाला दार. सून चहा घेऊन आली आणि ट्रे उंबऱ्यावरच ठेवून परत गेली. "वो अंदर नहीं आती," बाबूजी म्हणाले. "बच्चों को भी नहीं आने देती।"

भिंतीवर माझी चित्रं एका ओळीत लावली होती. खिडकीपासून सुरुवात करून दाराकडे. चारी कोपऱ्यांना टाचण्या, कागद एका सरळ रेषेत, नकाशेवाल्या माणसाला शोभेलसं. प्रत्येकाखाली बारीक पेन्सिलीत एक आकडा होता. तो कोन होता. त्यांनी कोनमापक लावून तिच्या खांद्याची रेषा मोजली होती.

त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं. मी खिडकीपाशी सुरुवात केली. पहिल्या पाच-सहांत नुसती पाठ. मग अंबाडा किंचित सरकलेला. मग कानाची पाळी. मग कानातलं, एक ठिपका. अगदी शेवटच्यात गालाची कड. घरं वेगवेगळी, गच्च्या वेगवेगळ्या, आणि सगळीकडे तीच बाई, डावा हात कठड्यावर, सावकाश मागे वळत असलेली. माझ्या हातून झालेलं आणि मला ठाऊक नसलेलं. ती कोण हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मला आईचा चेहरा आठवत नव्हता, पण ती पाठ आठवत होती. आठवत होती हेच मला तोवर माहीत नव्हतं.

"किसी की तस्वीर है?" बाबूजींनी विचारलं.

"मेरी आई," मी म्हटलं. माँ हा शब्द सुचलाच नाही.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "हमारी आँखें जा रही हैं, बिटिया। डॉक्टर कहते हैं, गर्मियों तक। जल्दी घूम जाएँ तो हम भी देख लें।"

त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा, म्हणजे तुलाच मनात कुठेतरी वाटत असणार, आणि हातातून उतरत असणार." बँकेतला माणूस, त्याचा हिशोब लगेच जुळतो. माझा जुळत नव्हता. पण खरं सांगते, भीतीपेक्षा आनंद मोठा होता. चेहरा मिळणार होता! मला धीर कसा तो नव्हताच. दुसऱ्याच दिवशी मोठा कागद घेऊन मी तिचा चेहरा काढायला बसले. गालाची कड होतीच, तिथून पुढे नाक, ओठ, कपाळावर कुंकू. छान चेहरा आला. घेऊन नरहीला गेले. बाबूजींनी भिंग न लावताच तो परत केला.

"ये आपने बनाया है," ते म्हणाले. "ये वो नहीं हैं।"

मला राग आला, आणि रागावले म्हणजे मला कळतं की समोरचा बरोबर बोलतोय. मासिकातल्या कथेवर मी जन्मभर काढत आले तसला तो चेहरा होता. घरी येऊन फाडला. मग समजलं की मी मुद्दाम केलं की ती येत नाही. घर पूर्ण व्हायला हवं, निबेत उरलेली शाई हवी, आणि माझं लक्ष दुसरीकडे हवं. पण एकदा ठाऊक झाल्यावर लक्ष दुसरीकडे ठेवणं किती कठीण! मी त्या क्षणी मोठ्याने पाढे म्हणायचे. खिडकीबाहेरच्या रिकाम्या घरांकडे बघत हात चालवायचे. आणि चित्र न बघताच त्यावर टिपकागद ठेवायचे. रविवारी बाबूजी आधी बघत, मग मी.

डिसेंबर सरता सरता भुवई आली. गोमती नगरात धुकं असं उतरलं होतं की समोरची घरं दिवसचे दिवस दिसत नसत. फक्त त्यांच्या खिडक्यांची भोकं काळी दिसत. अकरा वाजताही दिवा लावून काम करावं लागे. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं मला तेव्हा सारखं वाटायचं. भीती वाटायची, पण तिने जाऊ नये असंही वाटायचं. हे नवऱ्याला सांगायची सोय नव्हती.

माघात आत्या आली. वडिलांची धाकटी बहीण, सत्तरीची, काशी-प्रयाग करून परतताना आमच्याकडे आठ दिवस टेकली. नवी आई आधीच गेली होती आणि वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे माहेरची अशी तीच उरली होती. रविवारी ती शाल गुंडाळून माझ्याबरोबर गंजला आली, खुर्चीवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना "ले लो, ले लो, अच्छा है" म्हणत माझी चित्रं विकू लागली. मला हसू आवरेना. बाबूजी आले, त्यांनी तिला नमस्कार केला आणि चहाला घरी चला म्हणून हट्ट धरला. मी तिला त्या भिंतीबद्दल काही सांगितलं नव्हतं. तिचं काय म्हणणं पडतं ते बघावं, असा एक आगाऊ विचार माझ्या मनात होता.

आत्या खोलीत शिरली ती अर्थातच दारातून. म्हणजे तिच्यासमोर आधी शेवटचं चित्र आलं. बाबूजींनी तिला भिंग दिलं. ती एकेक चित्र बघत खिडकीकडे सरकू लागली. मी बघत होते. चौथ्या-पाचव्या चित्रापाशी तिने भिंतीला हात टेकला. तरी ती पुढे गेली, पार पहिल्या चित्रापर्यंत. मग खिडकीतल्या स्टुलावर मटकन बसली.

"ही पाठ फिरवतेय," ती म्हणाली.

"नाही गं आत्या, तू उलटीकडून पाहिलंस. ती वळतेय. आपल्याकडे वळतेय."

"मी बरोबर पाहिलं." "तुला कुणी सांगितलं? दादाने सांगितलं जाताना?"

"काय सांगितलं?"

बाबूजींना मराठी कळत नव्हतं. तरी ते उठून जिन्यात जाऊन उभे राहिले.

आत्याने मग सांगितलं. काविळीचं खोटं होतं. स्टोव्हचा भडका उडाला होता. पंप मारताना आई वाकली होती, त्यामुळे सगळं समोरून. चेहरा, मान, छाती. पाठ तेवढी शाबूत राहिली. "दोन दिवस होती ती. शुद्धीवर होती. तुला बघायचं म्हणाली. दादा नको म्हणत होता, मीच तुला उचलून आत नेलं. माझी अक्कल. तिने तुला हाक मारली आणि तू तिच्याकडे बघून अशी किंचाळलीस, अशी किंचाळलीस..." आत्या पदराने तोंड पुसून पुढे बोलू लागली. "मग ती सरकत सरकत भिंतीकडे वळली. कशी वळली तिची तिलाच ठाऊक, आम्हाला तर तिला हात लावायचीही भीती वाटत होती. वळली आणि म्हणाली, आता म्हणावं ये. आता मी दिसत नाही. मग तू गप्प झालीस. तिच्या पाठीशी जाऊन बसलीस, पदर धरून. तिथेच झोपलीस. ती जाईपर्यंत परत या कुशीवर आली नाही."

"आणि फोटो?" मी विचारलं.

"होता ना. चांगला स्टुडिओतला होता. महिन्याभराने दादाने तुला दाखवला, ही बघ तुझी आई. तू म्हणालीस, ही नाही. माझी आई अशी असते. आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिलीस." आत्या रडू लागली. "त्याच दिवशी त्याने फोटो बंबात घातला."

घरी परतताना रिक्षात ती माझा हात घट्ट धरून होती. उतरताना म्हणाली, "तिला वळायला लावू नकोस गं. तुझ्यासाठीच फिरवली होती तिने पाठ." दोन दिवसांनी मी तिला गाडीत बसवून दिलं.

पुढचे दोन रविवार मी गंजला गेले नाही. टाकाला हातही लावला नाही. घरात वावरताना मी भिंतीला पाठ लावून बसायचे, म्हणजे मागे कुणी उभं राहायला जागा नको. मी तिला शेवटचं काय दिलं होतं, तर एक किंकाळी. इतकी वर्षं चेहरा आठवत नाही म्हणून मी वडिलांवर चिडत होते, आणि तो माझा मीच पुसून टाकला होता. मला स्वतःची चीड आली, चार वर्षांच्या त्या पोरीची आली, मग तिची दयाही आली. ती तरी काय करणार होती?

मग एका सकाळी धुकं विरलं. समोरच्या घरांवर ऊन पडलं आणि एका गच्चीवर कुणीतरी चक्क गोधडी वाळत घातलेली दिसली. रात्रीतून तिथे माणसं राहायला आली होती. ती गोधडी बघताना माझ्या मनात आलं की ही बाई एवढी वर्षं मान वाकडी करून उभी आहे ती माझ्यामुळे. आता ती स्वतःहून वळतेय, तर मी ओरडणार नाही एवढं कुणीतरी तिला सांगायला नको का? आत्याचं म्हणणं मला कळत होतं. पण ते आत्याचं म्हणणं होतं.

मी बसले. चौकातली एक हवेली अर्धी राहिली होती, ती दुपारपर्यंत पूर्ण केली. निबेत शाई उरली. या वेळी मी पाढे म्हटले नाहीत. मोठ्याने म्हटलं, "आई, वळ. मी ओरडणार नाही." रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकून घाम फुटला. हात चालला. चार फटकारे, नेहमीसारखे. टिपकागद ठेवला आणि तशीच उठले.

रविवारी बाबूजी माझ्या आधीच येऊन शटरपाशी उभे होते. मी चित्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी टिपकागद काढला, भिंग लावलं. खूप वेळ लावला. मग भिंग खाली घेतलं, चष्मा काढला आणि चित्राला हात जोडले.

"घूम गईं," ते म्हणाले. "आप देख लीजिए, बिटिया। हम थामे हैं।"

त्यांनी कागद धरला. मी भिंग घेतलं. तोंड पुरतं माझ्याकडे होतं. अर्धा चेहरा काळा होता, शाईने भरलेला. मी शाई सांडली नव्हती, टिपकागदही कोरडा होता. उरलेल्या अर्ध्यात एक डोळा होता, आणि तो माझ्याकडे बघत होता. माझ्या घशाशी काहीतरी आलं. तीच, जुनी किंकाळी. व्हरांड्यातून लोक चालले होते, कुणी थांबून किंमत विचारत होतं.

मी ती गिळली. बाबूजी म्हणाले की भिंतीवर दाराशी शेवटची जागा त्यांनी राखून ठेवली आहे. मी नाही म्हटलं. ते एकच चित्र मी कधी विकलं नाही. तिथे उभ्याउभ्याच मी तिच्याकडे बघत राहिले, आणि ती मला पुरतं बघून घेईपर्यंत मी डोळा हलवला नाही.